कोविडमधून उठलेली माणसं छातीच्या डॉक्टरांकडे फिरतात, मानसोपचाराकडे जात नाहीत. सुरुवात कुठून करायची?

गटप्रवर्तक_करवीर

नमस्कार मंडळी. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या काही गावांत आशांच्या कामाची देखरेख माझ्याकडे आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनवर राहून घरी आलेल्यांमध्ये अजूनही ठरावीक तक्रारी दिसतात. छातीत धडधड, पहाटे दोन-तीनला दचकून जाग, भरलेल्या एसटीत कोंडल्यासारखं होणं, सायरन ऐकला की घाम फुटणं. त्याच वर्षी जुलैत महापूर आला, त्यामुळे नीट बरे व्हायच्या आतच अनेकांना घर सोडून पै-पाहुण्यांकडे राहावं लागलं.

यांच्या फायली जाड झाल्यात. ईसीजी, टू-डी इको, सीटी, सगळ्यांवर नॉर्मल लिहिलेलं. मानसोपचाराचं नाव काढलं की "मला काय येड लागलंय व्हय?" म्हणतात. तालमीत वाढलेला गडी "भीती वाटते" हा शब्दच तोंडातून काढत नाही. काही घरांत अंगारे-धुपारे होऊन गेलेत. जे कसेबसे सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) गेले, त्यांतले बरेच आठ-दहा दिवसांत गोळ्या सोडून बसले.

मला रीत हवी आहे. शरीराच्या तपासण्या किती पुरे? कोणत्या शब्दांत सांगायचं? पाठवायचं कुठं? आणि गोळ्या का सुटतात?

फिजिशियन_राजारामपुरी

ताई, तपासण्यांपासून सुरू करतो, कारण तिथंच लोक अडकतात. "सगळं नॉर्मल आहे, मनाचं आहे" असं सांगून पेशंटला वाटेला लावलं की तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि चौथा इको होतो. त्यापेक्षा एकदाच नीट तपासणी करावी आणि तो विषय बंद करावा. सीबीसी (रक्तपेशी), टीएसएच (थायरॉईड), एचबीए१सी (साखर), बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एक ईसीजी. दम लागत असेल तर छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी आणि सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघणं. थायरॉईड वाढलेलं असेल तर धडधड, घाम, झोप उडणं हे सगळं हुबेहूब घाबरल्यासारखं दिसतं. रक्त कमी असेल तरी दम लागतो.

दुसरं, पिशवीतली औषधं बघा. याकडे फारच कमी लक्ष जातं. तेव्हा दम्यासाठी लिहून दिलेलं सालब्युटामॉल किंवा डेरिफायलिन अनेकजण स्वतःच्या मनाने चालू ठेवतात. दोन्हींनी धडधड होते, हात थरथरतात. माँटेलुकास्टने (दमा-ॲलर्जीची गोळी) काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येते. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. स्टेरॉइडच्या गोळ्या अजून कुणी घेत असेल तर स्वतःहून एकदम बंद करू देऊ नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

उभं राहिल्यावरच धडधड होत असेल तर साधी चाचणी आहे. दहा मिनिटं झोपवून नाडी आणि बीपी मोजा, मग भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं करा आणि दर दोन मिनिटांनी मोजा. बीपी न पडता नाडी तिसाने किंवा जास्त वाढून तशीच राहिली तर तो घबराटीचा झटका नाही, फिजिशियनला दाखवा. चाचणी चालू असताना शेजारी माणूस उभा पाहिजे, काहींना चक्कर येते.

थकव्याबाबत माझं मत ठाम आहे: प्रत्येक थकवा नैराश्य नसतो. नैराश्यात मनच होत नाही. कोविडनंतरच्या एका प्रकारात मन होतं, माणूस दिवसभर भांगलण करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतो. अशा माणसाला "रोज थोडं जास्त चाला" सांगणं घातक आहे. त्याने कामाचे तुकडे करावेत, दमायच्या आधी बसावं. आठवडाभर रोज काय काम केलं आणि कधी कोसळलो एवढंच वहीत लिहिलं तरी दोन्हींतला फरक बऱ्यापैकी कळतो.

ऑक्सिमीटर दिवसातून वीसदा लावणारे असतात. हात गार असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर आकडा चुकतो आणि त्या चुकीच्या आकड्याने भीती वाढते. आधी ठरलेल्या दोन वेळा, पंधरवड्याने एक, मग यंत्र आशाताईंकडे. बसलेल्या माणसाचा आकडा हात गरम करून पुन्हा मोजल्यावरही ९४ च्या खाली असेल, तर मात्र भीतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना.

मानसोपचार_समाजसेवक

वरचं सगळं पटलं. आता शब्दांचं.

दार झोपेतून उघडतं. "मनाचा आजार" म्हणू नका. "आजारपणानंतर झोपेची घडी विस्कटलीय, ती बसवायची गोळी आणि उपचार असतो, ते करणारा डॉक्टर वेगळा असतो", एवढं पुरे आणि ते खरंही आहे. पैलवान गड्याला भीतीबद्दल विचारू नका. "रात्री कितीदा उठता? एसटी टाळता का? दवाखान्याच्या रस्त्याने जाता का?" असं विचारा, उत्तर आपोआप येतं.

मग पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की पाठवायचं. वापरायला पैसे लागत नाहीत, मराठीतही मिळतो. मोठ्याने वाचून दाखवताना सासू-सुना शेजारी बसल्या असतील तर उत्तरं खोटी येतात, तेवढं सांभाळा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो गाळू नका. थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण गुण बघत बसू नका, त्याच दिवशी तज्ज्ञाशी बोलणं करून द्या. घरातली कीटकनाशकं आणि तणनाशकं कुलपात किंवा शेजाऱ्याकडे, किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्याही घरातल्या एकाने आठवड्यापुरत्या द्याव्यात.

आयसीयूतल्या आठवणी हा वेगळा भाग आहे आणि घरच्यांना तो माहीतच नसतो. ऑक्सिजन कमी, ताप, गुंगीची औषधं, झोप नाही, समोर पीपीई किटमधली बिनचेहऱ्याची माणसं. यात मेंदू भ्रमात जातो. "मला बांधून ठेवलं होतं", "मला मारायला टपले होते" असं त्यांना पक्कं आठवतं. वेडं म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. उपाय असा: डिस्चार्ज कार्ड आणि फाईल घेऊन नातेवाइकासोबत बसा, तारखा लावा. अमुक दिवशी दाखल, अमुक दिवशी बायपॅप (मास्कने श्वास देणारं यंत्र), मास्क ओढून काढत होते म्हणून हात बांधले. खऱ्या घटनेचा धागा मिळाला की स्वप्नांचा जोर पुष्कळदा उतरतो. मात्र बोलताना घाम फुटला, नजर हरवली तर तिथंच थांबा. आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा आणि पुढचं काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवा. महिन्याहून जास्त काळ अशी दृश्यं दिसणं, टाळाटाळ, दचकणं चालू असेल तर त्यावर ठरलेले मानसोपचार आहेत, ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (धक्क्यामुळे बसलेले विचार आणि वागणं बदलणारी बोलण्याची उपचारपद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून धक्क्याच्या आठवणींवर काम करणारी पद्धत). समुपदेशक निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

पाठवायचं कुठं? पहिली पायरी टेलि-मानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत. फोन लागला की भाषा निवडायची, आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडतो. दवाखान्याचं नाव ऐकून बिचकणाऱ्यांना हा रस्ता सोपा पडतो. पहिला फोन तुमच्यासमोर लावून द्या, नुसता नंबर लिहून दिला तर तो चिठ्ठीतच राहतो. प्रत्यक्ष दाखवायचं तर दसरा चौकाजवळचं सीपीआर आहेच. केसपेपर सकाळी काढावा लागतो, सोबत घरचं एक माणूस, जुनी फाईल आणि चालू औषधांची पाकिटंसुद्धा. गगनबावडा-राधानगरीकडच्यांना दर वेळी कोल्हापूर परवडत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कधी येतं ते विचारून तारीख आशांच्या डायरीत टाका.

एमआयडीसीतल्यांना नोकरीची धास्ती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. दवाखाना ती आपणहून कारखान्याला कळवू शकत नाही.

औषधविक्रेता_लक्ष्मीपुरी

गोळ्या का सुटतात ते सांगतो. एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालीन या नैराश्य-घबराटीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुणाला सहा-आठ. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून: मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं, थोडी बेचैनी. म्हणजे पहिल्या आठवड्यात माणूस आधीपेक्षा वाईट असतो. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, आणि पेशंट म्हणतो गोळी सोसंना. डॉक्टर बहुधा कमी डोसने सुरू करतात ते याचसाठी. नाश्ता करून घ्यायची, आणि आशांनी चौथ्या व दहाव्या दिवशी चौकशी करायची. गळती नेमकी तिथंच होते. बेचैनी फारच वाढली, मरणाचे विचार आले तर दहाव्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन. दुसरी गळती बरं वाटल्यावर होते. बरं वाटल्यापासून किमान सहा महिने चालू ठेवून मग हळूहळू उतरवायची. एकदम सोडली तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड.

अल्प्राझोलाम ही घबराट शांत करणारी गोळी याच्या नेमकी उलट. अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणून तीच मागायला येतात. काही आठवड्यांत सवय लागते, डोस वाढतो, एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. दारूसोबत तर श्वासच मंदावतो. आयसीयूच्या धक्क्यावर तिचा उपयोगही नाही. ती कडक नियंत्रणाच्या औषधांच्या एच-१ यादीत आहे, चिठ्ठी नसताना देता येत नाही आणि नोंद ठेवावी लागते. शेजारणीच्या पाकिटातून घेणं थांबवा. जे बरेच महिने घेतायत त्यांनी मात्र स्वतःहून बंद करू नये.

आणखी एक. कोविडनंतर ॲस्पिरिन चालू राहिलेले किंवा गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेणारे असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना सांगाच, एस्सिटालोप्रॅम-सर्ट्रालीनसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. साठीच्या पुढे, बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर याच गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला तर "वय झालं" म्हणू नका, रक्त तपासा.

गटप्रवर्तक_करवीर

दादा, सर, फार कामाचं दिलंत. चौथ्या-दहाव्या दिवसाची चौकशी या महिन्यापासूनच लावते. एक राहिलं: स्वतः बरे झाले, पण त्याच आजारात घरातलं माणूस गेलं, अशांचं काय? विशेषतः मागं राहिलेल्या बायका.

मानसोपचार_समाजसेवक

ताई, तिथं निव्वळ दुःखावर गोळी नको. आपल्याकडे पंचगंगेवर शेणी रचण्यापासून रक्षाविसर्जनापर्यंत सगळं भाऊबंदांच्या हातून होतं. त्या काळात मुखदर्शनही झालं नाही. राहून गेलेला विधी येत्या पितृपक्षात चारचौघांना बोलावून करायला सुचवा, आणि त्या दिवशी गेलेल्या माणसाबद्दल बोलू द्या. "रडू नको, पोरांकडं बघ" हे वाक्य आशांच्या तोंडून बंद करा.

अपराधीपण जास्त खोल असतं. "माझ्यामुळं लागण झाली", "दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं तर". समजूत घालू नका. कागदावर दिवस लिहा: त्या दिवशी काय लक्षणं होती, कुठं बेड मिळाला, तेव्हा घरात कुणाला काय माहीत होतं. आज जे माहीत आहे ते वेगळ्या रकान्यात. दोन भेटी याच कामाला द्या. सहा महिन्यांहून जास्त काळ ओढ इतकी तीव्र की कामधाम ठप्प आहे, त्याचे कपडे-खोली कुणाला हलवू देत नाहीत किंवा त्याचं नावही काढू देत नाहीत, अशांना तज्ज्ञाकडे पाठवायचंच.

भेट दुधाच्या वेळा सोडून ठेवा, सकाळी दहानंतर. घरात सासरची माणसं असतील तर गोठ्यात किंवा बांधावर बसून बोला, उंबऱ्यात बसून विचारलं तर "बरं हाय" एवढंच ऐकायला मिळेल.