मदत हवी आहे: एकमेकांचे केसपेपर तपासायचे कसे?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. परवा शेजारच्या गावचे एक ज्येष्ठ डॉक्टर आले होते. बसल्या बसल्या त्यांनी माझे जुने केसपेपर चाळले. सर्पदंशाच्या एका कागदावर बोट ठेवून म्हणाले, "२० मिनिटांत रक्त गोठतं का ते पाहिलंस, पण वेळ कुठं लिहिलीस?" खरंच नव्हती. पेशंट बरा झाला, पण रात्री पुढे पाठवावा लागला असता तर?

डॉक्टर म्हणून नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट तास (मान्य व्याख्यानं, कार्यशाळांना हजेरीचे) आपण भरतोच. पण व्याख्यान ऐकून आपल्याच कागदातली चूक दिसत नाही. कॅनडातल्या ओंटारियोत डॉक्टरच दुसऱ्या डॉक्टरच्या नोंदी तपासतात आणि त्यावर समोरासमोर बोलतात.

आम्ही सहा जण महिन्यातून एकदा हे करायचं म्हणतोय. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांपासून सुरुवात. अडचण एवढीच की तालुका लहान. पेशंटचं नाव झाकलं तरी ओळखू येतं. आणि वयानं मोठ्या डॉक्टरांना त्यांची चूक सांगायची कशी?

कोणी असं केलंय का? तपासणीचा साधा मराठी नमुना असेल तर कृपया पाठवा.