बाबथाची खजुराची बाग: निकाल कोणत्या कायद्यानं लागायचा?

वाळूतला कागद (धागाकर्ता)

मृत समुद्राच्या दक्षिणेला माहोझा नावाचं गाव होतं. खजुराच्या बागा, त्यांना पाळीनं मिळणारं पाणी, आणि बांधाला बांध लागून राहणारे ज्यू आणि नबाती (पेट्राच्या राज्यातले अरब). इ.स. १०६ मध्ये सम्राट ट्राजाननं नबाती राज्य खालसा करून त्याचा अरेबिया प्रांत केला. बागा तिथंच राहिल्या, धनी बदलला.

ह्या गावच्या बाबथा नावाच्या ज्यू बाईचं दप्तर १९६१ मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या नहाल हेवेरच्या गुहेत सापडलं. पखालीत चामड्याची पिशवी, पिशवीत ३५ दस्त, इ.स. ९४ ते १३२ मधले. काही नबाती लिपीत, काही अरामी, बरेचसे ग्रीक. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, लग्नाचा करार, ठेवीची पावती, कोर्टाची समन्सं. आपल्याकडे ट्रंकेच्या तळाशी असतं तसंच सगळं.

ह्या कागदांबद्दल वाचताना हटकून एक वाक्य भेटतं: 'रोमन, ज्यू आणि स्थानिक कायदे इथे गुण्यागोविंदानं नांदत होते.' मला ते पटत नाही. ज्यू कायदा हिच्या आयुष्यात लग्नाच्या कागदापुरता आहे. जिथं पैसा अडकला तिथं बाई सरळ रोमकडे गेली, आणि शहाणपणानंच गेली.

मुलाचं प्रकरण घ्या. पहिला नवरा वारला, मागे अज्ञान मुलगा. १२४ मध्ये पेट्राच्या नगरसभेनं त्याला दोन पालक नेमले, एक ज्यू, एक नबाती. (सातबाऱ्यावर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लिहितात ना, तोच प्रकार.) पालक मुलाच्या खर्चाला महिन्याला २ देनारी (रोमन चांदीची नाणी) देत. बाबथाचं म्हणणं, पैसा दरमहा शेकडा अर्ध्यानं पडून आहे. तो माझ्या हवाली करा, मी माझी मालमत्ता तारण ठेवते आणि शेकडा दीडनं व्याज देते, पोरगं थाटात वाढेल. हिशेब करा: २ देनारी म्हणजे मुद्दल ४००, आणि दीडनं महिन्याला ६ होतात. त्यासाठी ती गव्हर्नरच्या दरबाराची वाट धरते. दप्तरात पालकाविरुद्धच्या रोमन दाव्याचा नमुना ग्रीकमध्ये तीन-तीन प्रतींत आहे, नावांच्या जागी 'अमुक' आणि 'तमुक' घातलेला. म्हणजे कुठल्या कलमाखाली ओरडायचं हे तिला कुणीतरी नीट सांगितलं होतं.

उलट ३५ दस्तांत एकही रब्बी (ज्यू धर्मपंडित) नाही, एकही ज्यू न्यायसभा नाही. आता बोला.

---

मिश्नावाचक

रब्बी दिसत नाही म्हणून ज्यू कायदा नाही, ही उडी फार लांब झाली. माझ्या घराच्या खरेदीखतावर कुठल्याच शास्त्रीबुवांची सही नाही, म्हणून घरात देवघर नाही असं म्हणणार का?

बाबथाचा दुसऱ्या लग्नाचा करार पाहा. नवरा येहूदा, मृत समुद्राकाठच्या एन-गेदी गावचा. करार अरामीत, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला. त्यात 'मोशेच्या आणि ज्यूंच्या कायद्याप्रमाणे' असे शब्द आहेत. बायकोला कुणी पकडून नेलं तर सोडवून आणीन, मुलींना लग्न होईपर्यंत घरातून पोशीन, ही कलमं पुढे मिश्नात, म्हणजे रब्बींच्या कायदेसंग्रहात, जवळपास तशीच येतात. मिश्नाचं संकलन साधारण इ.स. २०० चं. म्हणजे ही भाषा रब्बींनी शिकवण्याआधीच लोकांच्या तोंडी होती.

दस्त रोमन कचेरीत चालावा म्हणून ग्रीकमध्ये केला, एवढंच. परक्यांच्या कोर्टात झालेले दस्त, घटस्फोट आणि गुलामाची सुटका सोडून, ग्राह्य धरावेत असं मिश्नाच सांगते. साचा सरकारी, आतला माल घरचा.

---

कज्जेदलाल

धागाकर्त्यानं गोष्ट अर्ध्यातच सोडली. शेवटही सांगा की.

दप्तरातला तारखेनिशी शेवटचा कागद १९ ऑगस्ट १३२ चा. पावती आहे. मुलाच्या पोटगीचे ६ देनारी मिळाले. महिन्याचे नव्हेत, तीन महिन्यांचे! म्हणजे आठ वर्षांनंतरही दर महिन्याला तेच २. बाईनं महिन्याला ६ मागितले होते, मिळाले तिमाहीला ६. समन्स, जबानी, साक्षीदार, तीन प्रतींत दाव्याचा नमुना, सगळं करून शून्य वाढ. दरम्यान एक पालक गेला आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा पैसे मोजायला आला.

रोमन कायदा हिची ढाल होता म्हणता? मला तर तो नेहमीचाच कोर्टाचा जिना दिसतो.

---

वाळूतला कागद

@कज्जेदलाल, पावती मला ठाऊक होती. सोयीस्करपणे विसरलो, मान्य.

पण दावा हरणं वेगळं आणि दाव्यासाठी कुठं जायचं हे वेगळं. माझा प्रश्न दुसरा आहे.

@मिश्नावाचक, घरचा माल म्हणता तर येहूदाच्या मुलीचं लग्न घ्या. शलामझिओन, १२८ चा एप्रिल. करार ग्रीकमध्ये. नवरी २०० देनारींचे दागिने-कपडे घेऊन आली, नवऱ्यानं ३०० ची भर घातली, एकूण ५०० त्याच्या अंगावर. आणि तिला व होणाऱ्या मुलांना अन्नवस्त्र देण्याचं वचन कशाप्रमाणे? 'ग्रीक रीतीप्रमाणे'. मोशेचं नाव नाही. तोच बाप, तेच गाव, बायकोला करून दिलेला करार होऊन फार वर्षंही झाली नव्हती.

आणि १२७ च्या जमीन-मोजणीत बाबथानं रब्बाथ-मोआबला जाऊन आपल्या चार बागा जाहीर केल्या. त्या दाखल्यात चतुःसीमा आहेत, त्यात शेजारी म्हणून 'आमचे प्रभू सीझर' यांची मिळकत येते, आणि खाली शपथ आहे: सीझरच्या भाग्यदेवतेची! एक ज्यू बाई. कुठं गेलं देवघर?

---

मिश्नावाचक

शपथेचा मजकूर तिनं रचलेला नाही. कारकून लिहितो, ती हो म्हणते (ती निरक्षर होती, तिच्या वतीनं दुसराच लिहितो). सारा भरायचा तर दाखला हवा, दाखला हवा तर शपथ.

'ग्रीक रीत' हा शब्द मात्र खरंच अडचणीचा आहे, नाही म्हणत नाही. पण ५०० देनारींची हमी, अन्नवस्त्र, ह्यात ज्यू माणसाला खटकावं असं काय आहे? त्याच करारावर बापानं आणि जावयानं खाली अरामीतच लिहून दिलंय. नाव ग्रीक, हस्ताक्षर घरचं.

---

खारीक

तुम्ही दोघं रोम विरुद्ध मोशे खेळताय आणि तिसरा गडी मैदानाबाहेर बसलाय. माहोझा हे आधी नबाती राजाचं गाव होतं. खरी रीत तिथली.

९९ साली, म्हणजे रोम यायच्या आधी, अबी-अदन नावाची नबाती बाई आपली खजुराची बाग विकते. खरेदीखत नबाती भाषेत, विकणारी ती स्वतः, शेजारी कुणी पुरुष पालक नाही. अरबस्तानातल्या हेग्राला डोंगरात कोरलेल्या नबाती कबरींवरही बायका मालक म्हणून आहेत. इथे कुणाला पुरायचं आणि कुणाला नाही, मोडलं तर दुशरा देवाला आणि राजाला किती दंड, हे त्या दगडावर लिहून ठेवतात.

आता १०६ नंतरचे ग्रीक कागद बघा. बाबथा कचेरीत उभी राहिली की जोडीला 'हिचा पालक अमुक'. गंमत अशी की बायकांवरचं हे पालकत्व रोमन कायद्यात रोमन नागरिकांसाठी होतं. बाबथा नागरिक नव्हतीच! कायद्यानं सक्ती नाही, तरी कारकुनाच्या लेखणीतून ते आलं. राज्य बदललं की कायद्याच्या आधी फॉर्म बदलतो, आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढला की बाईच्या शेजारी एक पुरुष उभा राहतो.

तेव्हा 'शहाणी बाई रोमकडे गेली' हे जरा जपून.

---

वाचनमात्र

चर्चा जोरात आहे, पण मला एक कळलं नाही. ह्या कागदांत मुलींच्या नावे एवढी बक्षीसपत्रं का करून दिलेली दिसतात? वारसा नव्हता का?

---

मिश्नावाचक

मुलगा असला तर मुलीला वारसा नाही, मुलगा नसला तर मुलीला मिळतो. बायबलच्या गणना ग्रंथात सलोफहादच्या मुलींची गोष्टच आहे. म्हणून मुलगे असलेले बाप हयातीतच मुलींच्या नावावर लिहून द्यायचे. ज्यू वारसा कायदा चालू होता म्हणूनच ही पळवाट लागत होती.

---

खारीक

थांबा थांबा. तुमचं उदाहरण इथं तुमच्यावरच उलटतं.

येहूदानं शलामझिओनच्या लग्नानंतर अवघ्या अकरा दिवसांनी तिला एन-गेदीच्या वाड्याचा हिस्सा बक्षीस दिला: अर्धा लगेच, अर्धा आपल्या पश्चात. आता हिला भाऊ असल्याचं कागदांत कुठंच दिसत नाही. तुमच्या नियमानं सगळं आपोआप तिचंच व्हायला हवं. मग बक्षीसपत्र कशाला? आणि येहूदा मेल्यावर मिळकतीवर दावा कोण सांगतं? त्याच्या भावाची पोरकी मुलं, पालकामार्फत. म्हणजे त्या गावात मुलीपेक्षा पुतणे पुढे असल्यासारखं दिसतं. हा मोशेचा कायदा नाही. हीच ती गावची रीत, आणि बापानं बक्षीसपत्र केलं ते ह्या रीतीला घाबरून.

बाबथाच्या बापाचंही १२० मधलं बक्षीसपत्र बघा. सगळं बायकोच्या नावावर, आणि मुलीसाठी एक ओळ: विधवा झाली तर तिथल्या लहानशा जागेत राहावं, पण तिथं नवरा आणायचा नाही. हे कुठल्या संहितेत लिहिलंय? हे आपल्या आज्यांच्या तोंडचं वाक्य आहे.

---

मिश्नावाचक

पुतण्यांचा मुद्दा चांगला आहे. दावा केला म्हणजे हक्क होता असं मात्र नाही. पुतणे कुठल्याही देशात दावा करतातच. पण बक्षीसपत्राचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक मात्र नोंदवतो. ह्याच पिढीतल्या रब्बी तर्फोनचं वचन तल्मूदात (मिश्नावरच्या चर्चांच्या संग्रहात) आहे: परक्यांचा निवाडा आपल्यासारखाच असला तरी त्यांच्या दारी जाऊ नका. एवढं ठासून कोण सांगतं? ज्याच्या डोळ्यादेखत लोक रोज जाताहेत तो.

---

कज्जेदलाल

हे वचन तुमच्या नाही, धागाकर्त्याच्या बाजूनं जातं हो!

मला ह्या वादात एक वेगळाच कागद महत्त्वाचा वाटतो. १३१ चा जुलै. येहूदा मेलाय. बाबथानं त्याच्या बागा आपल्या लग्नाच्या रकमेपोटी आणि त्यानं ठेव म्हणून नेलेल्या ३०० देनारींपोटी आधीच ताब्यात घेतल्यात, १३० चं खजुराचं पीकही विकून टाकलंय. आता ती येहूदाच्या दुसऱ्या बायकोला, मिर्यामला, गव्हर्नर हातेरियस नेपोससमोर खेचते: तू नवऱ्याच्या घरातलं सगळं लुटलंस. मिर्याम उलटून म्हणते, 'माझ्या आणि तुझ्या' नवऱ्याच्या चीजवस्तूंच्या जवळ जाऊ नकोस असं मी तुला आधीच बजावलं होतं.

माझ्या आणि तुझ्या! रोमन कायद्यात एका वेळी दोन बायका बसत नाहीत, ज्यू कायद्यात बसतात, आणि भांडण चाललंय रोमन गव्हर्नरपुढे, ग्रीकमध्ये. कुणीही उठून म्हणत नाही की आधी हे ठरवू, दोघींपैकी बायको कोण. त्या दालनात कोणता कायदा लागू होता, ह्या प्रश्नाला मला अर्थच वाटत नाही. भांडी-कुंडी कुणाच्या घरात गेली ते बघा.

---

वाळूतला कागद

@खारीक, पालकाच्या रकान्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. 'शहाणपणानंच गेली' हे मागे घेतो. 'दुसरीकडे जायला जागा नव्हती' असं म्हणतो. पेट्राची नगरसभा, रब्बाथ-मोआबची कचेरी, गव्हर्नरचा दरबार, सगळ्या पायऱ्या एकाच जिन्याच्या.

पण मिश्नावाचकांचं 'आतला माल घरचा' अजूनही मान्य नाही. व्याजाचं बघा. येहूदानं १२४ मध्ये एन-गेदीच्या रोमन छावणीतल्या सेंच्युरियनकडून (तुकडीच्या नायकाकडून) ६० देनारी घेतले, वाड्याचं आवार तारण देऊन, दरमहा शेकडा एकनं.

---

मिश्नावाचक

परक्याकडून व्याजानं घ्यायला तोरा (मोशेचा धर्मग्रंथ) हरकत घेत नाही, मनाई आहे ती ज्यूंच्या आपसातल्या व्याजाला. हे उदाहरण तुमचं नव्हे, माझं आहे.

---

वाळूतला कागद

बरं, आणि अनाथ ज्यू पोराच्या पैशावर ज्यू आईनं शेकडा दीड देऊ करणं?

---

मिश्नावाचक

… उद्या लिहितो.

---

वाचनमात्र

तोपर्यंत माझी एक भर. ह्याच गावच्या सलोमे कोमाइसेला आईनं १२९ मध्ये बाग बक्षीस दिली. दस्तात बागेसोबत पाणीही आहे: आठवड्यातून एकदा, चौथ्या दिवशी, अर्धा तास. मोशेनं हे सांगितलेलं नाही आणि ट्राजाननंही नाही.

---

कज्जेदलाल

+१. आणि त्या अर्ध्या तासावरून भांडण झालं असेल तर ते गव्हर्नरपर्यंत नक्की गेलं नसेल. फावड्यानंच मिटलं असेल.

बाकी तिच्या दप्तरात समन्सं आहेत, उलट समन्सं आहेत, साक्षीदारांच्या सह्या आहेत. निकाल एकाही दाव्याचा नाही. १३२ मध्ये रोमविरुद्ध बार कोखबाचं बंड पेटलं आणि त्या धामधुमीत बाई कागद घेऊन गुहेत गेली. तिला अजून तारीख मिळायची होती, असंच दिसतं.