मदत हवी आहे: कोकम-मसाल्याच्या वेबसाइटसाठी वूकॉमर्स की शॉपिफाय?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचा घरगुती व्यवसाय आहे: आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मालवणी मसाला, कुळथाचं पीठ. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. मे महिन्यात आई एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन घेऊन पत्ते उतरवते आणि दादरचं पार्सल डोंबिवलीला जातं.

मागे एकाकडून साइट करून घेतली होती. पठ्ठ्याने डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्याच नावावर घेतलं, आता फोन उचलत नाही. होस्टिंगही (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) पहिल्या वर्षी स्वस्त, नूतनीकरणाला जवळजवळ तिप्पट. या वेळी डोमेन माझ्या नावावर आणि होस्टिंगपासून वेगळं, एवढं पक्कं.

अडलंय पुढे. साइट बनवायचं वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स फुकट, पण अपडेट, बॅकअप, सगळं आपल्याच गळ्यात. शॉपिफाय म्हणजे तयार ऑनलाइन दुकान, त्याला ती कटकट नाही, पण दरमहा भाडं. आणि पावसाळ्यात आमच्या ऑर्डरी नावालाच असतात. वस्तू जेमतेम १५, बजेट वर्षाला ८,००० रुपये. पेमेंट गेटवेचे (साइटवर ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) दर ऑर्डरमागे साधारण २ टक्के वेगळेच, म्हणून सुरुवातीला नुसता यूपीआयचा क्यूआर ठेवला तर चालेल का? साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) कोणी वूकॉमर्स चालवतंय का? सर्व्हर मुंबईत असला तर खरंच फरक पडतो? आमचं गिऱ्हाईक बहुतेक फोनवरूनच बघणारं आहे.