युरोपात उड्डाण प्रशिक्षक व्हायचे आहे : परवाना आधी की वैद्यकीय तपासणी?

वैमानिक, पेडणे :
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक नियामकाचा सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) आहे आणि आजोबांच्या जन्मनोंदीमुळे पोर्तुगीज नागरिकत्वही मिळाले आहे. मोपाचा विमानतळ घराजवळ असला तरी मला एअरलाइनमध्ये जायचे नाही. पोर्तुगालमध्ये राहून लहान विमानांवर शिकवण्याची मनापासून इच्छा आहे. भारतीय परवाना तिकडे बदलून मिळतो का, प्रशिक्षक होण्यासाठी नव्याने काय करावे लागते आणि माझा चष्मा उणे साडेचारचा असल्यामुळे वैद्यकीय तपासणीत अडचण येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. स्विंडनला चुलतभाऊ राहतो, तेव्हा ब्रिटनमध्ये परवाना घेऊन पुढे पोर्तुगालला जाणे शक्य असल्यास तेही कळवावे.

उड्डाण प्रशिक्षक, फोंडा :
बाब, पोर्तुगीज पासपोर्टमुळे आपल्याला तिथे राहण्याचा आणि नोकरीचा हक्क मिळतो. परवाना देताना मात्र नागरिकत्व विचारात घेतले जात नाही. युरोपीय संघाच्या ११७८/२०११ या नियमावलीतील पार्ट-एफसीएल हा वैमानिकांच्या परवान्यांचा भाग सर्वांना सारखाच लागू होतो.

सीपीएलची सरळ अदलाबदल होत नाही. लेखी परीक्षा सर्व विषयांच्या द्याव्या लागतात, प्रत्येक विषयात ७५ टक्के गुण हवेत आणि शेवटी कौशल्य चाचणीही असते. आपल्या जुन्या तासांबद्दल प्रशिक्षणात किती सूट द्यायची, हे मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेच्या शिफारशीवरून तिथले प्राधिकरण ठरवते. पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) त्या मानाने सोपा आहे : किमान १०० तासांचा अनुभव, हवाई कायदा आणि मानवी क्षमता या दोन विषयांची परीक्षा, कौशल्य चाचणी, भाषेची पात्रता आणि द्वितीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र. पीपीएलधारकही एफआय (उड्डाण प्रशिक्षक) होऊन पीपीएलच्या विद्यार्थ्यांना मोबदला घेऊन शिकवू शकतो, म्हणून हा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. परंतु त्यासाठी सीपीएलच्या लेखी परीक्षेची अट सुटत नाही, शिवाय एकूण २०० तास आणि त्यांपैकी १५० तास पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून केलेले असावे लागतात. भारतात सीपीएल पूर्ण करून नुकत्याच बाहेर पडलेल्या वैमानिकाकडे पायलट-इन-कमांडचे तास बहुधा शंभराच्या आसपासच असतात, आणि तो इथेच अडतो. युरोपीय सीपीएल असेल तर १५० तासांची ही अट लागत नाही. लेखी परीक्षा दोन्हीकडे द्यावीच लागणार असल्यामुळे आपण सीपीएलच पूर्ण करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एफआयच्या अभ्यासक्रमात अध्यापनशास्त्राचे २५ तास, सैद्धांतिक शिक्षणाचे १०० तास आणि किमान ३० तास उड्डाण असते, आणि त्यापूर्वी प्रवेशाची उड्डाणचाचणी द्यावी लागते. सुरुवातीला मिळणारे प्रमाणपत्र मर्यादित असते : १०० तास शिकवून आणि विद्यार्थ्यांच्या किमान २५ एकल उड्डाणांवर देखरेख करून होईपर्यंत आपल्याला अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. नोकरी शोधताना तसा प्रशिक्षक त्या संस्थेत आहे की नाही, हे आवर्जून विचारावे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

ब्रिटनचा विचार सोडून द्यावा. २०२० संपताच तो देश युरोपीय विमान सुरक्षा यंत्रणेतून बाहेर पडला, त्यामुळे तिथला परवाना आता पोर्तुगालच्या दृष्टीने भारतीय परवान्याइतकाच परदेशी ठरतो.

डॉक्टर, मडगाव :
आपल्या प्रश्नातील क्रमाबद्दल सांगायचे तर पहिला खर्च वैद्यकीय तपासणीवरच करावा. डीजीसीएचे प्रमाणपत्र तिकडे चालत नाही, आणि सीपीएलसाठी लागणाऱ्या प्रथम श्रेणीची पहिली तपासणी मान्यताप्राप्त एरो-मेडिकल सेंटरमध्येच करावी लागते. नूतनीकरण मात्र एखाद्या अधिकृत वैद्यकीय परीक्षकाकडे होऊ शकते. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दृष्टी ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ असावी लागते, आणि उणे सहापर्यंतचा नंबर नेहमीच्या मर्यादेत बसतो, म्हणून केवळ साडेचारच्या नंबरावरून आपण बाद होणार नाही. उड्डाणात जादा चष्मा जवळ ठेवणे बंधनकारक असते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते रंगदृष्टीचे. इशिहारा या रंगीत ठिपक्यांच्या चाचणीच्या पहिल्या १५ तक्त्यांमध्ये चूक झाली तर पुढील चाचण्या होतात, आणि त्यांतही रंग ओळखता आले नाहीत तर प्रथम श्रेणी मिळत नाही. द्वितीय श्रेणी मिळाली तरी ती फक्त दिवसाच्या उड्डाणापुरती असते. इशिहाराची चाचणी मडगावात किंवा पणजीत कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे आधी करून घेता येते.

वैमानिक, पेडणे :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. नेत्रतज्ज्ञाकडे याच आठवड्यात जाईन. लेखी परीक्षा एका देशात आणि वैद्यकीय तपासणी दुसऱ्या देशात केली तर चालते का?

उड्डाण प्रशिक्षक, फोंडा :
तसे करू नये. एका परवान्याच्या सर्व लेखी परीक्षा एकाच देशाच्या प्राधिकरणाखाली द्याव्या लागतात, आणि परवाना ज्या प्राधिकरणाकडून घ्यायचा त्याच्याकडेच आपली वैद्यकीय नोंद असावी लागते. पोर्तुगालच ठरले असेल तर अनाक या तिथल्या प्राधिकरणाकडे सुरुवातीपासून सर्व कागद ठेवावेत.