मदत हवी आहे: केबल निघाली तरी स्टेटस 'डाउन' नाही, मग अलार्म कशावर लावू?

नमस्कार मंडळी,

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष शीतगृहाचं नेटवर्क मी नाशिकहून, सातपूरला बसून सांभाळतो. तिकडे गेटवे (आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारं यंत्र) म्हणून लिनक्सचं मशीन आहे. त्याच्या एका पोर्टवरून स्विचला केबल जाते आणि त्याच पोर्टवर तीन व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्क) आहेत: ऑफिस, कॅमेरे आणि कोल्ड रूमचे तापमान सेन्सर. इंटरनेट पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडणी उघडण्याची पद्धत), मशीनवर त्या जोडणीचं नाव पीपीपी०.

एक स्क्रिप्ट दर मिनिटाला सेन्सरच्या व्हीलॅनची आणि पीपीपी०ची 'ऑपरस्टेट' फाइल, म्हणजे जोडणी सध्या कोणत्या स्थितीत आहे ते, वाचते. आधी अट होती, 'अप' नसेल तर मेसेज. पण पीपीपी० व्यवस्थित चालू असतानाही कायम 'अननोन' दाखवतं, त्यामुळे रात्रभर फोन वाजायचा. म्हणून अट केली, 'डाउन' असेल तरच मेसेज. कमांड देऊन व्हीलॅन बंद करून पाहिलं, मेसेज आला, निर्धास्त झालो.

परवा रात्री स्विचकडची केबल सैल झाली. दोन तास एकही रीडिंग नाही आणि मेसेजही नाही. सकाळी लॉग उघडला तर व्हीलॅनपुढे 'लोअरलेयरडाउन' लिहिलेलं! तापमान टिकलं म्हणून निभावलं. निर्यातीचा माल शून्य-एक अंशावर ठेवायचा असतो, आणि त्यात शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट असतात. पुन्हा असं होऊन चालणार नाही.

२००० सालचा आरएफसी २८६३ (नेटवर्क इंटरफेसच्या, म्हणजे पोर्ट, व्हीलॅन यांसारख्या जोडण्यांच्या स्थितीबद्दलचं मानक) वाचला. त्यात सात स्थिती आहेत: अप, डाउन, टेस्टिंग, अननोन, डॉर्मंट, नॉट-प्रेझेंट आणि लोअर-लेयर-डाउन. यांतल्या कोणत्या बिघाड धरायच्या? आणि माझ्या चाचणीत 'डाउन' का आलं होतं?

उत्तर १

चाचणीत तुम्ही व्हीलॅनच बंद केलंत, म्हणून 'डाउन'. परवा ते तुमच्या बाजूने चालूच होतं, खालच्या पोर्टचा कॅरिअर (तारेवरचा सिग्नल) गेला. व्हीलॅनला स्वतःची तार नसते, म्हणून ते खालचा थर पडल्याचं सांगतं. आरएफसीत याचसाठी ॲडमिन स्टेटस (आपण चालू ठेवलंय की बंद) आणि ऑपर स्टेटस (प्रत्यक्षात चालतंय का) वेगळे ठेवलेत. आता चाचणी केबल उपटूनच करा.

'अननोन' म्हणजे ड्रायव्हरने किंवा दुसऱ्या कोणी स्थिती नोंदवलेलीच नाही. असा इंटरफेस वापरण्याजोगा धरावा, असं लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांत लिहिलंय. ही सूट फक्त पीपीपी०ला द्या. सेशन तुटलं की बहुधा तो इंटरफेसच नाहीसा होतो, तेव्हा फाइल सापडली नाही तर बिघाड समजा. एलसीपी एको (पलीकडचं टोक जिवंत आहे का, हे ठराविक वेळाने विचारणारे संदेश) चालू ठेवा, नाहीतर मेलेलं सेशन बराच वेळ जिवंत दिसतं. बाकी सगळीकडे 'अप' नसेल तर बिघाड.

मेसेजची घंटा मात्र व्हीलॅनऐवजी मूळ पोर्टवर बांधा. लिंक-डाउनचे ट्रॅप (उपकरणाने आपणहून पाठवायच्या सूचना) सर्वांत खालच्या इंटरफेसवरच मुळातून चालू असावेत, असं तो आरएफसीही सुचवतो. नाहीतर एका केबलसाठी चार मेसेज येतील.

उत्तर २

स्विचच्या पलीकडे सेन्सरची वायर तुटली तर गेटवेचा पोर्ट 'अप'च राहणार. शेवटचं रीडिंग किती जुनं आहे तेही तपासा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज पिंपळगावला जाऊन केबल उपटली, मिनिटभरात मेसेज आला. मग ती लावून एक सेन्सर काढला. पोर्ट 'अप'च होता, पण पाच मिनिटांनी रीडिंग जुनं झाल्याचा मेसेज आला. उरलेले सेन्सर उद्या एकेक करून काढून बघतो.