सावलीतली, एकाच ठिकाणची कॉफी: कोणती मागवू?

पूर्णाकाठचा
राम राम मंडळी. मुक्काम दर्यापूर तालुका, घरात तीन पिढ्या चहाच्या. भाचीनं बंगळुरूहून पाव किलो कॉफी आणली, पाकिटावर ‘सिंगल ओरिजिन, शेड ग्रोन’. तिनं करून दिली तेव्हा फर्मास लागली. ती गेल्यावर मी केली तर मचूळ! पाकीट संपत आलं. आता कोणती मागवू? अन् त्या ‘शेड’साठी जास्तीचे पैसे द्यावे का? जमलं तर धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली चार झाडंही लावीन म्हणतो.

गाविलगडी
भाऊ, परतवाड्याहून वर चढा ना जी. चिखलदऱ्याला कॉफी होते, इंग्रजांच्या काळापासून. मी आणली होती, वास झकास. पण पाकिटावर भाजल्याची तारीखच नव्हती, अन् दीड महिन्यात पार मवाळ पडली. घेताना तेवढं विचारा.
कडुलिंबाखाली मात्र नका लावू. चिखलदऱ्याला ११०० मीटर उंची आहे. तुमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं सडतील, त्यातून वाचलं ते मे महिन्यात करपेल.

घाटावरून परत
चार वर्षं चिकमगळूरला नोकरी केली, म्हणून थोडं लांबण लावतो.
सिंगल ओरिजिन म्हणजे माल एका ठिकाणचा, मिसळ नाही. चांगलाच असेल असं नाही. अन् आपल्या देशात कॉफी बहुतेक सावलीतच होते, त्यामुळे नुसत्या ‘शेड’ शब्दाला वेगळे पैसे कशाला? विचारायचं ते सावली कशाची हे. काही मळ्यांत नुसते सिल्व्हर ओक, त्यावर मिरीचे वेल. काही ठिकाणी वर फणस-उंबर, खाली पांगाऱ्याच्या जातीची झाडं, पायाखाली पाचोळ्याची गादी. अशा सावलीत फळ सावकाश पिकतं. शिवाय अरेबिका म्हणजे कॉफीची सौम्य चवीची जात, तिचा वैरी पांढरा खोडकिडा उन्हात उघड्या पडलेल्या खोडावर जास्त येतो. म्हणजे सावली काही हौस नाही, झाडाची गरज आहे.
कोरी पिणार असाल तर अरकूची अरेबिका घ्या, मध्यम भाजलेली. आंध्रच्या पूर्व घाटातली, आदिवासी शेतकऱ्यांची. २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तिला. म्हशीच्या दुधात घालणार असाल तर वायनाडची रोबस्टा, म्हणजे कडक चवीची जात, बरी; अरेबिका त्या सायीत बुडून जाते.

खारपाणकर
सगळे कॉफीवर बोलले, पाण्यावर कोणीच नाही! पूर्णाकाठचे भाऊ, पाणी कोणतं घेतलं होतं?

पूर्णाकाठचा
हापशीचं. चहाला तेच घेतो. भाचीनं कॅनचं घेतलं असंल.

खारपाणकर
मग कॉफीला काऊन नावं ठेवता? आपल्या खारपाण पट्ट्यातल्या पाण्यातले क्षार कॉफीची आंबट चव मारून टाकतात. चहात साखर-आलं-दूध सगळं झाकून नेतं. उरलेली भुकटी आरओच्या पाण्यात करून पाहा, उकळी थांबल्यावर ओता.

पूर्णाकाठचा
आत्ताच केली. भाचीच्या हातची होती तशीच, बाप्पा! बायको म्हणे, महिनाभर उगाच तोंड वाकडं करत होते.
अरकू मागवतो पाव किलो. चिखलदऱ्याची पावसाळ्यात गेलो की. एक राहिलं, फिल्टर पितळेचा घेऊ का स्टीलचा?

घाटावरून परत
स्टीलचा. पितळेचा चिंच लावून घासायला घरात कोण बसणार आहे, ते आधी विचारून घ्या.