मदत हवी आहे: सांगलीत ई-बस येतील, पण पुरात त्यांचं काय?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीच्या गावभागात राहते. पीएम ई-बस सेवेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शहर बसच्या केंद्राच्या योजनेत, आपल्या महापालिकेचं नाव आल्यापासून आमच्या गल्लीत रोज यावरच वाद. रविवारी भागातल्या लोकांची बैठक आहे, तिथून निवेदन जाणार आहे आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मला या बस मनापासून हव्या आहेत. स्टँडवर मिरजेच्या गाडीची वाट बघताना धुरानं बेजार झालेली म्हातारी माणसं मी रोज बघते. पण लोकांच्या शंकाही उडवून लावण्यासारख्या नाहीत.

शेजारचे काका आयुष्यभर डिझेल इंजिनं दुरुस्त करत आले. ते म्हणाले, "गाडी वाटेत बंद पडली तर मी बॉनेट उघडून बघायचो. हिच्यात हात कुठं घालू?" शॉक लागेल ही भीती मी जरा कमी करू शकले. बॅटरीचा डबा सीलबंद असतो आणि कुठं वीज गळायला लागली तर यंत्रणा पुरवठा तोडते, एवढं समजावलं.

अडले ते पुढच्या प्रश्नावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौकात होड्या चालल्या, कितीतरी दिवस वीज नव्हती. २०२१ ला पुन्हा तेच. पाणी चढायला लागलं की डिझेलची गाडी टाकी भरून मिरजेच्या बाजूला नेऊन लावता येते. ई-बसही नेता येईल, पण चार्जर, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल डेपोतच राहणार. म्हणजे लोकांना बाहेर काढायला गाड्या लागतील नेमकं तेव्हाच त्या चार्जिंगविना उभ्या राहायच्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं तिकिटाचं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. आपल्याकडे शहर बस एसटीच चालवते. उद्या महापालिकेच्या गाड्या आल्या तर त्यांत अशी सवलत मिळणार का? कुपवाडला कामाला जाणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न हाच आहे.

पुण्यात ई-बसने रोज जाणारे किंवा डेपोत काम केलेले कुणी असाल तर सांगा, निवेदनात नेमकं काय मागू?

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात असतो. इथं फेब्रुवारी २०१९ पासून ई-बस आहेत. शॉकबद्दल तुम्ही बरोबर सांगितलंत. खरा प्रश्न डेपोच्या जागेचाच. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. डेपो लाल रेषेच्या बाहेरच हवा, असं स्पष्ट लिहा. नुसतं 'उंचावर' लिहिलंत तर कोणीही दोन फुटांचा ओटा बांधून मोकळं होईल. वीजही दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांतून मागा, आणि पावसाळ्यापुरत्या काही डिझेल गाड्या राखीव ठेवायला सांगा.

आणखी एक. ई-बस चालवणाऱ्या ठेकेदाराशी जो करार होतो त्यात त्याला धावलेल्या किलोमीटरवर पैसे मिळतात, गाडीत माणसं किती बसली यावर नाही. त्यामुळे फेरी चुकली तर दंड किती, हे करारात बघाच. तिकीट ठेकेदार ठरवत नाही, तेव्हा सवलतीचा ठराव महापालिकेच्या सभेत आधी करून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. लाल रेषेचं वाक्य सगळ्यात वर घालते. काकांचं म्हणणं, दुरुस्तीची माणसं इथलीच तयार करा, आयटीआयच्या पोरांना शिकवा. तेही घालते. कोल्हापूरकडचं कुणी आहे का इथं? पूर तिकडंही येतो. डेपोच्या जागेबद्दल तिकडं काय ठरलंय, ते रविवारच्या आत कळलं तर बरं होईल.